पंचाहत्तर यार्डांपुरता स्कोप

आमच्या कंपनीत मशिनं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. मी त्याच कंपनीच्या लॅबमध्ये औषधांच्या चाचण्या करायचे. माझं एखादं उपकरण अडलं की ते यायचे, शांतपणे उघडायचे, त्यात नको तो भाग कुणी बसवलाय हे सांगायचे आणि नीट करून जायचे. ते निवृत्त झाल्यावरही आमचं बोलणं राहिलं. घरात मी त्यांना म्हातारबा म्हणायचे. तोंडावर अर्थातच 'सर'. ते मला 'मॅम' म्हणायचे, कारण नॉर्थ कॅरोलिनात तीच रीत आहे. मॉरिसव्हिलच्या आमच्या टाउनहाउसपासून पाऊण तासावर त्यांची साठ एकर जमीन होती. निम्मी शेती, निम्मं रान. दर नोव्हेंबरात ते तिथे हरणांची शिकार करायचे.

मी कॉलेजात असताना एनसीसीत होते, पॉइंट टू टू रायफलने पोटावर झोपून पंचवीस यार्डांवर नेम धरायचे आणि बरा धरायचे, असं मी एकदा त्यांना सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते, सलवार-कमीजवर लॅबचा पांढरा कोट घातलेला होता.

"अजून धरता येईल?" त्यांनी विचारलं.

"धरून बघायला हवं," मी म्हटलं.

हे २००५ सालचं. आमच्या ओळखीतल्या मराठी मंडळींत शिकार करणारं कुणीही नव्हतं आणि हे कळल्यावर मला 'पण का?' असं निदान वीस जणांनी विचारलं. मी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. खरं उत्तर साधं होतं. मला शनिवारी सकाळी अशा एखाद्या ठिकाणी जायचं होतं, जिथे बोलायला बंदी आहे आणि संध्याकाळच्या पॉटलकला कोण काय आणतंय हे कुणी विचारणार नाही. शिवाय मला नेम धरायला आवडायचं. पंचवीस वर्षांत तो धरायची वेळ आली नव्हती, एवढंच.

मी शिकाऱ्यांसाठी सक्तीचा असलेला अभ्यासक्रम केला, परीक्षा दिली, परवाना काढला. मग म्हातारबांनी कपाटातून त्यांच्या बायकोची रायफल काढली. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. रायफल हलकी होती, धक्का कमी देणारी, दस्ताही आखूड. माझ्या हाताला ती मापून केल्यासारखी बसली. म्हातारबा म्हणाले, "ही तुम्हाला वापरायला देतो. पण माझ्या जमिनीवर शिकारीला बसायचं तर एक अट आहे. पंचाहत्तर यार्डांवर पेपर प्लेट. तीन गोळ्या. तिन्ही प्लेटीत. दोन चालत नाहीत."

"सगळ्यांना हीच अट?"

"सगळ्यांना. माझा जावई तीन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात बसून कॉफी पितोय."

मला ही अट फार पटली. आपण नेमकं कशात नापास झालो हे माणसाला कळलं पाहिजे. आमच्या लॅबचं काम त्यावरच चालायचं.

मातीच्या एका उंच बांधाला टेकवून त्यांनी लाकडी चौकटीवर प्लेट ठोकली. मी रायफल धरली, आणि तिथेच माझं वय माझ्यासमोर उभं राहिलं. रायफलच्या नळीवर मागे एक खाच असते आणि पुढे एक छोटा खुंटा. खाच, खुंटा आणि लक्ष्य तिन्ही एका रेषेत आणायचे. विसाव्या वर्षी ते आपोआप येतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी खाच म्हणजे धुकं, खुंटा म्हणजे सुरवंट, आणि प्लेट म्हणजे लांबवर कुणीतरी वाळत घातलेला रुमाल. वर माझा प्रोग्रेसिव्ह चष्मा. वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं, आणि रायफलवर गाल टेकवला की दोन्ही दिसेनासं होतं. तीनपैकी एक गोळी प्लेटीत गेली. ती कशी गेली हे मला आजही सांगता येणार नाही.

म्हातारबा म्हणाले, "हात चांगला आहे. डोळे माझ्यासारखे आहेत. स्कोप घ्या. फार पैसे घालू नका." स्कोप म्हणजे रायफलीवर बसवायची दुर्बीण. शिकारीचा सीझन नोव्हेंबरच्या मध्याला उघडायचा होता. त्याआधी मला पुन्हा संधी मिळणार होती. पास झाले तर पहिल्या शनिवारी एक मचाण माझं. नाहीतर जावयाशेजारी कॉफी.

मी घरी येऊन एवढंच म्हणाले, "मला सव्वाशे डॉलरच्या आत एक स्कोप घ्यायचाय." हे नवऱ्यासमोर म्हणायला नको होतं.

आपल्या लोकांत कुणी वस्तू नुसती घेत नाही. आधी रिसर्च होतो. आमच्या गोतावळ्यात प्रत्येक वस्तूचा एकेक जाणकार ठरलेला होता. टीव्हीवाला वेगळा, गाद्यांचा वेगळा, भारतात फोन करायच्या कार्डांचा वेगळा. स्कोपचा जाणकार हे पद रिकामं होतं. माझ्या नवऱ्याने ते तत्काळ स्वीकारलं. त्याने आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती, पण एक्सेल उघडलेलं होतं.

तीन आठवडे तो कामावरून आला की लॅपटॉपसमोर. मी भाजी परतत असले की तिकडून आवाज यायचा.

"अगं, यात नायट्रोजन भरलाय."

"कशाला?"

"काच आतून धूसर होत नाही. आणि हा बघ, नेम धरायच्या फुलीला दिवा आहे. लाल आणि हिरवा. दोन्ही!"

"मला ट्रॅफिक सांभाळायचं नाहीये रे."

"तू चेष्टा कर. व्हॅन घेतानाही तू अशीच करत होतीस. किती रिसर्च केला होता मी, आठव."

"आठवतंय ना. आठ सीटची व्हॅन. माणसं तीन."

"रिसेल व्हॅल्यू बघ ना पण."

त्याच्या तक्त्यात सव्वीस स्कोप आणि तेवीस रकाने होते. किती पटीने मोठं दिसतं, पुढची काच किती मिलीमीटरची, काचेवर लेप किती, वॉरंटी किती वर्षं, लोकांनी किती तारे दिले. प्रत्येक रकान्याला वजन दिलेलं. चांगला आकडा हिरवा, वाईट लाल. आमची पंधरा वर्षांची मुलगी पाणी प्यायला आली, मागे उभी राहून तिने ते सगळं पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, शी जस्ट वॉन्ट्स टू सी अ प्लेट."

"बेटा, उद्या आईला दोन मैलांवरचं बघायचं असेल तर?"

"व्हाय वुड शी?"

तो पुन्हा तक्त्याकडे वळला. रकाने तेवीस होते; त्यांत 'किती लांब मारायचं आहे' हा एकही नव्हता आणि 'बघणार कोण' हाही नव्हता. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. तीन आठवडे एखादा माणूस इतकं मन लावून काम करत असला की आपण त्याला चूक काढून दाखवत नाही, लग्नाला वीस वर्षं झाली असली तरी. खरं सांगायचं तर मीसुद्धा मनातून त्याच मताची होते. सव्वाशे डॉलर द्यायचेच आहेत तर त्यात जास्तीत जास्त यावं, हे मलाही रास्त वाटत होतं.

असाच आमचा कॅमकॉर्डर आला होता. सगळ्यांत जास्त झूमचा. गणपतीच्या कार्यक्रमात मुलीने ग्रुप डान्स केला, त्याचं सव्वाअकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. त्यात मुख्यत्वे तिचा डावा कान आहे. कान फार स्पष्ट आलाय.

ऑक्टोबरच्या शेवटी खोकं आलं. सहा ते चोवीस पट मोठं दाखवणारा, पुढे पन्नास मिलीमीटरची काच असलेला, लाल-हिरव्या दिव्याचा स्कोप. किंमत मर्यादेच्या सव्वातीन डॉलर आत. तेही नवऱ्याने मला दोनदा सांगितलं. वस्तू पोळ्यांच्या लाटण्याएवढी लांब आणि त्याहून बरीच जड होती. पुढची काच इतकी फुगीर की ती नळीला टेकू नये म्हणून स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्या उंच घ्याव्या लागल्या. म्हातारबांच्या बायकोच्या त्या नाजूक रायफलीवर तो बसवल्यावर सायकलवर फ्रिज बांधल्यासारखा दिसायला लागला.

नवरा म्हणाला, "खिडकीतून बघू ना जरा. समोरच्या तळ्यापलीकडचा बोर्ड वाचता येईल."

"रायफलीतून बोर्ड वाचायचा नाही. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्यावर ती रोखायची नाही." एनसीसीतला हा धडा मला अजून झोपेतही म्हणता येतो. तो हिरमुसला.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही दोघं म्हातारबांकडे गेलो. नवरा नारिंगी जाकीट घालून आला होता. ते त्याने खास घेतलं होतं, रिसर्च करून. म्हातारबांनी स्कोपकडे बराच वेळ पाहिलं.

"मॅम, यातून काय बघायचंय? चंद्र?"

"माझ्या नवऱ्याने निवडलाय."

"अच्छा," म्हातारबा म्हणाले आणि प्लेट ठोकायला निघाले.

मी रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला. काही दिसेना. कड्या इतक्या उंच होत्या की स्कोपमध्ये बघायला गाल दस्त्यावरून उचलावा लागत होता. हनुवटी हवेत, मान ताणलेली. कशीबशी एक चंद्रकोर दिसली. डोकं पुढे-मागे करत ती पूर्ण गोल केली तर समोर झाडाची साल. अतिशय तपशीलवार साल. त्यावरून एक मुंगळा चालला होता. प्लेट कुठे?

"डावीकडे घे," मागून नवरा.

"डावीकडे काय आहे?"

"प्लेट."

"डावीकडे दुसरी साल आहे."

शेवटी प्लेट सापडली. स्कोप चोवीस पटीवर होता. पांढरं पटांगण दिसलं, आणि त्या पटांगणावर फुली अशी नाचत होती की मला वाटलं भूकंप होतोय. तो माझा श्वास होता. सहा पटीवर आणला तर जरा थांबली. पण चित्र स्वच्छ दिसावं म्हणून डोळा स्कोपच्या फारच जवळ न्यावा लागत होता. मी ट्रिगर दाबला. रायफल मागे आली आणि स्कोपची कड माझ्या चष्म्याच्या मधल्या दांडीवर आदळली. चष्मा वाकला. नाक शाबूत राहिलं, ते चष्म्यामुळेच. पहिली गोळी बांधात, दुसरी प्लेटीच्या वर लाकडी चौकटीत, तिसरी पुन्हा बांधात, पण वेगळ्याच बाजूला. म्हातारबांनी मग स्वतः दोन झाडल्या. त्यांच्याही दोन गोळ्यांत हातभर अंतर पडलं. ते म्हणाले, प्रत्येक धक्क्याला आत काहीतरी सरकतंय.

नवरा हळूच म्हणाला, "चार पूर्णांक तीन तारे होते त्याला."

म्हातारबा माझ्याकडे वळले. "मॅम, पुढच्या शनिवारी अकरापर्यंत या. ती शेवटची. रविवारी मी मचाणं वाटून टाकतो. मग मला कुणाला आयत्या वेळी घालता येत नाही."

परतीच्या वाटेवर गाडीत मी वाकडा चष्मा घालून बसले होते आणि त्यामुळे रस्ता किंचित उतरता दिसत होता. घर जवळ आल्यावर नवरा म्हणाला, "मी दुसऱ्या नंबरचा बघतो. तो वीस पट आहे, पण—"

"नको," मी म्हटलं. "आता मी बघते."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी कंपनीपासून दहा मिनिटांवरच्या बंदुकांच्या दुकानात गेले. काउंटरवर साठीची एक बाई होती. गळ्यात साखळीला अडकवलेला वाचायचा चष्मा, हातात अर्धं सँडविच. मी म्हटलं, मला स्कोप हवाय. तिने सँडविच खाली ठेवलं आणि प्रश्न विचारले.

"किती लांब मारणार?"

"पंचाहत्तर यार्ड. रानात त्याहून लांबचं दिसतच नाही."

"कोणत्या वेळी?"

"सकाळी."

"कोण मारणार? तुम्ही? हाच चष्मा घालून?"

चष्मा मी घरी चिमट्याने सरळ केला होता, तरी तो तिने ओळखला. "कुणाचा स्कोप लागला?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिला हसू आलं, पण तिने ते सँडविचच्या घासात दडवलं.

किंमत तिने सगळ्यांत शेवटी विचारली. मग खालच्या कप्प्यातून तीन स्कोप काढले आणि माझ्या रायफलीसारख्याच आखूड दस्त्याच्या, रिकाम्या करून दाखवलेल्या रायफलीवर एकेक धरून मला करायला सांगितलं ते असं. डोळे मिटायचे. रायफल खांद्याला लावायची, गाल आपोआप पडेल तिथे पडू द्यायचा. मग डोळे उघडायचे. पूर्ण गोल दिसला तर ठीक. मान हलवावी लागली तर तो स्कोप तुमचा नाही, मग त्याच्यात हिरे का बसवलेले असेनात.

पहिल्यात चंद्रकोर. दुसऱ्यात गोल, पण चित्र मळकट. बाहेर रस्त्याकडे बघितलं असतं तर तेही छान दिसलं असतं, पण तिने मला दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या भिंतीवरच्या एका खिळ्यावर नेम धरायला लावला होता. "उन्हात सगळ्याच काचा चांगल्या," ती म्हणाली. तिसऱ्यात डोळे उघडले आणि खिळा तिथेच होता. फुली जाड, मध्यभागी बारीक. डोळ्यापासून काच चांगली साडेतीन इंच लांब. भिंतीचा बराच भाग दिसत होता, शेजारचं कॅलेंडरसुद्धा.

"किती पट आहे हा?"

"चार."

"चार ते किती?"

"चारच. फिरवायला काही नाही. म्हणून बिघडायलाही फार नाही. या पैशात आठ गोष्टी करणारा स्कोप त्यांतली एकही धड करत नाही. हा एक करतो."

तिने मला मागचं भिंग फिरवून फुली माझ्या डोळ्याला स्वच्छ कशी करायची ते दाखवलं. बुटक्या कड्या दिल्या. आणि विचारलं, "प्रोग्रेसिव्हच्या आधीचा चष्मा टाकून दिला नाहीत ना? एकाच नंबरचा, लांबचा? तो घाला." आमच्या घरात जुना चष्मा कुणी टाकत नाही. आमच्याकडे सासऱ्यांचे तीन आहेत.

संध्याकाळी नवऱ्याने तो स्कोप हातात घेऊन उलटसुलट केला.

"झूम कुठाय?"

"नाहीये."

"फिक्स्ड?" तो अशा आवाजात म्हणाला, जणू मी हाताने काच खाली करायची गाडी घेऊन आले होते. "आणि पुढची काच फक्त बत्तीस? दिवा?"

"दिवाही नाही."

"अगं, आपण चोवीसवरून चारवर आलो! पैसे जवळपास तेवढेच आणि चक्क वीस पट कमी. हे डाउनग्रेड आहे."

"हो."

"निदान तारे तरी बघितलेस का?"

"खिळा बघितला."

तो रात्री गुपचूप लॅपटॉप उघडून बसला. दुसऱ्या दिवशी मी तक्ता पाहिला तर सत्ताविसावी ओळ वाढलेली होती, माझ्या स्कोपची. एकूण क्रमांक सत्ताविसावा. जवळजवळ सगळे रकाने लाल.

शनिवारी तो बरोबर येणार नाही असं मला वाटलं होतं. आला. नारिंगी जाकिटासकट, खिशात पेन्सिल आणि छोटी वही घेऊन. आम्ही साडेनऊला पोचलो. नवा स्कोप आधी रायफलीशी जुळवावा लागतो. जवळ, पंचवीस यार्डांवर कागद लावायचा, गोळ्या झाडायच्या, त्या कुठे जातात ते बघायचं आणि स्कोपवरच्या दोन बारीक चाकांना टकटक करत फुली तिकडे न्यायची. माझ्या पहिल्या तीन गोळ्या एकमेकींना चिकटून गेल्या, पण मध्यापासून उजवीकडे आणि खाली.

म्हातारबा पट्टी घेऊन मोजायला गेले. "उजवीकडे दोन इंच. खाली एक आणि तीन सोळांश," ते ओरडले.

"शंभर यार्डांवर एका टकला पाव इंच," नवरा वहीत लिहीत म्हणाला. "म्हणजे पंचवीसवर त्याचा चौथा हिस्सा. एका इंचाला सोळा. डावीकडे बत्तीस कर. वर एकोणीस."

"वर वीस केले तर?"

"एकोणीस."

मी एकोणीस केले. पुढची गोळी मध्यावर गेली. म्हातारबा परत आले, त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि मला म्हणाले, "यांचं गणित चांगलं आहे." नवरा इतका खूश झाला की त्याने आवाज अडवायचे कानावरचे मफ काढले आणि मला ओरडून ते परत घालायला लावावे लागले.

मग पंचाहत्तर यार्ड. नवी प्लेट. सव्वादहा वाजले होते. मी जुना चष्मा घातला, डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. प्लेट होती, तिच्याभोवती चौकट होती, चौकटीभोवती बांध होता. फुली हलत होती, पण प्लेटीच्या आतल्या आत. एक. दोन. तिसऱ्याला मला वाटलं, झालंच आता, आणि तसं वाटल्याबरोबर मी ट्रिगर ओढला, दाबला नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आमचे सुभेदार याच गोष्टीवरून माझ्या डोक्यावर खेकसायचे.

आम्ही तिघं चालत गेलो. दोन भोकं मध्याजवळ. तिसरं प्लेटीच्या दुमडलेल्या कडेवर. अर्धं कागदात, अर्धं हवेत.

"लागली!" नवरा म्हणाला. "कड म्हणजे प्लेटच. रेघेवर पडलेला बॉल आत धरतात."

"कशात?" म्हातारबांनी विचारलं.

"टेनिसमध्ये."

"ही पेपर प्लेट आहे."

"पण कागद फाटलाय. कागद फाटला याचा अर्थ—"

"अरे, गप्प बस," मी मराठीत म्हटलं आणि म्हातारबांकडे वळले. "जावयाच्या वेळी काय ठरवलं होतं?"

"त्याची एकदा कडेवरच होती. मी नाही म्हटलं होतं."

"मग नाहीच."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "अकरा वाजायचेत. नवी प्लेट लावतो. पुन्हा तीन."

परत येताना नवरा हळूच म्हणाला, "मी भांडून मिळवली असती ती."

"माहितीय. म्हणूनच गप्प केलं."

मी पाच मिनिटं नुसती बसले. थर्मासमधला चहा प्यायले. मग पुन्हा पोटावर आडवी झाले, आणि प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली ठेवून, डोळे मिटून, सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी मी चालत गेलेच नाही. म्हातारबा गेले, त्यांनी प्लेट काढली आणि ती घेऊन आले. तीन भोकं एका वाटीखाली झाकली गेली असती. त्यांनी प्लेट माझ्या हातात दिली, म्हणाले, "शनिवारी सहाला. उत्तरेचं मचाण," आणि रायफलीची पेटी उचलून घराकडे निघाले.

सीझनच्या पहिल्या शनिवारी अंधारात मी शिडी चढून बसले. थंडी होती. खारी इतका आवाज करतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक खार हरणाएवढी वाजत होती. साडेसातच्या सुमाराला एक खार आली आणि ती हरीणच निघाली. कोवळा नर, छोटी शिंगं. रानाच्या कडेकडेने शेताकडे आला, साठएक यार्डांवर थांबला आणि मला आडवा उभा राहिला. रायफल वर आली, गाल पडला, पूर्ण गोल. फुली खांद्यामागे जिथे असायला हवी तिथे होती. बोटाने सेफ्टी काढली.

त्याच गोलात, हरणाच्या पाठीवरून बरंच मागे, झाडांच्या फटीत काहीतरी लाल होतं. पानगळ नोव्हेंबरात उरकलेली असते, पण इतकं लाल, इतकं सरळ पान नसतं. मी बघत राहिले. ती घसरगुंडी होती. लहान मुलांची, प्लास्टिकची. तिच्या बाजूला नव्या कुंपणाच्या पिवळ्या फळ्या. जमिनीच्या त्या कडेला नवी कॉलनी होतेय हे माहीत होतं, घरं इतकी पुढे आली असतील हे माहीत नव्हतं. घसरगुंडीवर कुणी नव्हतं, पण हुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी तिकडेच गेली असती. मी सेफ्टी परत लावली. हरीण आणखी चार मिनिटं तिथेच उभं राहिलं, आरामात चरलं आणि गेलं. ती चार मिनिटं मला चांगलीच लांब वाटली.

दहा वाजता म्हातारबांच्या स्वयंपाकघरात गेले. ते म्हणाले, "आवाज नाही आला."

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, कोट घातला आणि माझ्याबरोबर मचाणापर्यंत आले. या वयात शिडी चढले. वरून बराच वेळ बघितलं. खाली आले तेव्हा चेहरा लाल झाला होता, थंडीने नव्हे. "कुंपण या आठवड्यात घातलंय," ते म्हणाले. "मी पाहायला हवं होतं. मी इथे तुम्हाला बसवलं." मग शिडीवर हात ठेवून, "पुढच्या शनिवारच्या आधी हे मचाण हलवायला हवं. मदतीला याल?"

गाडीत बसल्यावर मी घरी फोन केला.

"मिळालं?" नवऱ्याने विचारलं.

"नाही. मागे कुणाच्या तरी अंगणातली घसरगुंडी होती."

तो म्हणाला, "माझ्या स्कोपमधून तिच्यावरचं कंपनीचं नावही वाचता आलं असतं."

"हो. आणि हरीण सापडलं नसतं."

"तेही बरंच झालं असतं की. त्या हरणाच्या दृष्टीने."

बुधवारी कामावरून सुटल्यावर आम्ही दोघं पाने घेऊन गेलो. बोल्ट गंजले होते, म्हातारबा शिव्या न देता ते सोडवत होते आणि नवरा होकायंत्र घेऊन, कुठून कुठल्या दिशेला काय दिसतं याचं कागदावर चित्र काढत होता. आम्ही मचाण शिडीसकट ओढत नाल्याच्या पलीकडे नेलं आणि दक्षिणेकडे तोंड करून ओकच्या एका झाडाला बांधलं. मी वर चढून बघितलं. पुढे शेत, शेतापलीकडे म्हातारबांचाच उंच बांध, त्यामागे काहीही नाही.

शनिवारी सात वाजून गेल्यावर एक मादी त्या शेतात आली. मी गाल टेकवला. तिच्यामागे, गोलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, नुसती माती होती. मी सेफ्टी काढली आणि या वेळी ट्रिगर दाबला, ओढला नाही.